सह्याद्री हॉलमधली ती दुपार

बदलापूरकरांनो, २७ जुलै २०१९ आठवतोय? उल्हास नदीचा पूर, आणि वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस. आत सुमारे १०५० प्रवासी, त्यात नऊ गरोदर महिला! एनडीआरएफच्या बोटी सगळ्यांच्या लक्षात आहेत, असायलाच हव्यात. चामटोलीचे गावकरीही मदतीला धावले होते, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

सुटका झाली, पुढे काय? ओलेचिंब कपडे, उपाशी पोरं. एरवी जिथे अक्षता पडतात त्या सह्याद्री मंगल कार्यालयात त्यांची सोय झाली. जेवण, डॉक्टर, सगळं तिथेच. माझ्या मते हॉलवाले, केटरर, टेम्पोवाले हेसुद्धा बचावपथकाचाच भाग आहेत. संध्याकाळी या प्रवाशांना घेऊन कल्याणहून विशेष गाडी कोल्हापूरला निघाली.