आधी कर्जफेड की उतारवयाची पुंजी?

बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळच्या बालाघाट डोंगरात कपिलधार हे तीर्थक्षेत्र आहे. वीरशैव संत मन्मथस्वामी यांची संजीवन समाधी येथे आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा पाहण्यासाठीही दूरवरून लोक येतात. कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून दिंड्या व पालख्या दाखल होतात. यात्रा म्हटली की दुकाने आलीच.

या परिसरातील व्यापारी कुटुंबासाठी ही यात्रा वर्षाच्या नाजूक वळणावर येते. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होऊन पंधरा दिवस झालेले असतात. सणासाठी भरलेल्या मालाचे पैसे ठोक व्यापाऱ्याला चुकते करायचे असतात. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेल्या असतात. गावातील किराणा आणि कापड दुकानांची त्यांच्याकडील उधारी, टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परतेपर्यंत वहीतच राहते. दुकानाची येणी थांबतात, देणी मात्र थांबत नाहीत. ही फट भरण्यासाठी घेतलेले चार महिन्यांचे हातउसने पुढे चार वर्षे घरात मुक्काम करते. त्यातच मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण किंवा एखादे मोठे आजारपण येऊन पडते, आणि दुकानाचे कर्ज कोठे संपले व घराचे कोठे सुरू झाले, हे घरातल्या कर्त्यालाही सांगता येत नाही.

अशा घरात निवृत्तीचा विषय निघालाच, तर उत्तर ठरलेले असते : ‘दुकान आहे ना, तेच आपले पेन्शन.’ नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी दरमहा पगारातून आपोआप कापला जातो. व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून तसे काही आपोआप कापले जात नाही. म्हणून साठीच्या उंबरठ्यावर अनेक कर्त्या पुरुषांकडे चालू दुकान असते, माल असतो, वहीत येणी असतात. पण आपले म्हणावे असे मोकळे पैसे नसतात.

पूर्वजांचे चार वाटे

बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’त सद्गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले आहेत, त्यांत न्यायाने मिळवलेले वैभव आणि मिळकतीच्या प्रमाणात खर्च हे दोन्ही येतात. त्याच ग्रंथाच्या विवरणात मिळकतीचे चार वाटे करण्याचा संकेत आहे. एक वाटा साठवणीचा, एक व्यापारात घालण्याचा, एक धर्म आणि उपभोगाचा, तर एक आश्रितांच्या पोषणाचा.

या विभागणीत साठवणीचा वाटा आणि व्यापाराचा वाटा वेगवेगळे धरले आहेत, ही गोष्ट आजच्या व्यापारी घराने विशेष ध्यानात घ्यावी. दुकानात गुंतलेला पैसा ही बचत नव्हे. तो पैसा जोखमीवर उभा असतो. दुष्काळ पडला, बाजार बदलला, शेजारी मोठे दुकान आले, की सर्वांत आधी तोच आटतो. उतारवयाची पुंजी त्यावर विसंबून ठेवणे म्हणजे दोन वाटे एकाच पात्रात ओतणे होय.

शेकड्याचा हिशेब

कर्ज आधी फेडावे की पुंजी आधी जमवावी, या प्रश्नाचे उत्तर भावनेत शोधू नये. ते व्याजाच्या दरात असते. उदाहरणादाखल असे घर घ्या, ज्याने बाजारातून 3 लाख रुपये शेकडा दोन रुपये महिना या दराने घेतले आहेत. त्याच घराने म्हातारपणासाठी म्हणून बँकेत 3 लाखांची मुदत ठेव 7 टक्क्यांनी ठेवली आहे. कर्जाचे व्याज महिन्याला 6 हजार, म्हणजे वर्षाला 72 हजार रुपये जाते. ठेवीवर वर्षाला 21 हजार येतात. ‘ठेव मोडायची नाही’ या समाधानासाठी हे घर दरवर्षी 51 हजार रुपये मोजत असते.

दोन टक्के महिना हा दर बोलताना लहान वाटतो, कारण तो महिन्याचा असतो. वर्षाचा दर 24 टक्के होतो. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले, तर रक्कम 35 महिन्यांत दुप्पट होते. 7 टक्क्यांच्या ठेवीला दुप्पट होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, असा दामदुपटीचा नियम जुन्या हिंदू कायद्यात होता. व्याज किती वेगाने वाढते हे ओळखूनच तो केलेला होता. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरवला आहे, हेही पैसे घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने विसरू नये.

यावरून क्रम स्पष्ट होतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी, बाजारातील हातउसने आणि महाग वैयक्तिक कर्ज ही प्रथम फेडावीत. त्यासाठी कमी व्याजाची ठेव मोडावी लागली, तरी संकोच करू नये. घरात वापराविना पडलेले सोने या कामी आले, तर त्यात कमीपणा नाही. तीन-चार महिन्यांचा घरखर्च मात्र हाताशी राखावा. तो नसेल, तर पहिल्याच आजारपणात तेच महाग कर्ज पुन्हा दारात येते.

गृहकर्जाची घाई नको, पण मुदत हवी

गृहकर्जाचा दर तुलनेने कमी असतो. ते फेडण्यासाठी उतारवयाची सगळी बचत थांबवणे योग्य नाही, कारण गेलेली वर्षे परत मिळत नाहीत आणि चक्रवाढ व्याजाला पैशापेक्षाही काळ अधिक लागतो. तथापि घरातील कर्ता साठीचा होईपर्यंत हे कर्ज संपलेच पाहिजे. 12 लाखांचे कर्ज, 9 टक्के दर आणि दहा वर्षांची शिल्लक मुदत असेल, तर हप्ता सुमारे 15,200 रुपयांचा येतो. दरवर्षी एक हप्ता जादा भरला, तर कर्ज जवळपास एक वर्ष आधी संपते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँका व्यक्तींकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ शकत नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर जी उधारी वसूल होते, तिच्यातून हा जादा हप्ता बाजूला काढण्याचा परिपाठ या भागातील दुकानदाराला सहज पाळता येईल.

दुकानाचा हात न पोहोचणारी पुंजी

महाग कर्ज फिटले की त्याच्या व्याजाचे 6 हजार रुपये मोकळे होतात. ते घरखर्चात विरून जाण्याआधीच त्यांना वाट करून द्यावी. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, ही योजना 1968 पासून चालू आहे. खात्याची मुदत पंधरा वर्षांची आणि भरण्याची कमाल मर्यादा वर्षाला दीड लाख रुपये. एप्रिल 2020 मध्ये 7.1 टक्क्यांवर आलेला तिचा दर त्यानंतर अनेक वर्षे तसाच राहिला. या दराने महिन्याच्या पाच तारखेपूर्वी 6 हजार रुपये पंधरा वर्षे भरत गेल्यास 10 लाख 80 हजारांचे सुमारे 18 लाख 90 हजार होतात.

व्यापाऱ्यासाठी या खात्याचा आणखी एक मोठा गुण आहे. खातेदाराच्या कर्जाच्या वसुलीसाठी यातील रक्कम न्यायालयाच्या हुकुमानेही जप्त करता येत नाही. मुदतीआधी पैसे सहज काढता येत नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते; पण दुकानाच्या अडचणीला तात्काळ हात न लागणे हेच येथे हिताचे आहे.

असेच संरक्षण 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यातही आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी व मुलांच्या लाभासाठी या कायद्याखाली घेतला, तर त्या रकमेवर धनकोंचा हक्क चालत नाही. धनकोंना फसवण्याचा हेतू मात्र नसावा. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, अशा प्रत्येक कर्त्याने कर्जाच्या रकमेइतका तरी मुदतीचा विमा याप्रमाणे घ्यावा, म्हणजे कर्जाचा वारसा मुलांच्या वाट्याला येणार नाही.

लहान दुकानदारांसाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये लघु व्यापारी मानधन योजना आणली. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या, 18 ते 40 वयाच्या आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या व्यापाऱ्याला वयानुसार महिन्याला 55 ते 200 रुपये भरता येतात. तेवढीच रक्कम सरकार घालते आणि साठीनंतर दरमहा 3 हजार रुपये मिळतात. ही रक्कम एकटी पुरणार नाही. परंतु दुकानात नुकत्याच बसू लागलेल्या मुलाला बचतीची सवय लावण्यास ती पुरेशी आहे. साठी उलटलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिच्यात 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीला व्याज हाती येते.

व्याजापेक्षा मुद्दल मोलाचे

2023 नंतर बीड जिल्ह्यात काही मल्टिस्टेट पतसंस्था अडचणीत आल्या आणि असंख्य ठेवीदारांचे आयुष्यभराचे पैसे अडकले. दोन-चार टक्के जादा व्याजासाठी ठेवलेली ती रक्कम कित्येक घरांत नेमकी म्हातारपणाची होती. सहकारी बँकांसह सर्व विमाधारक बँकांतील ठेवींना फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ते पतसंस्थांना लागू नाही. संस्थाचालक ओळखीचे आहेत, समाजाचे आहेत, एवढ्यावर उतारवयाची पुंजी कोणाच्याही हवाली करू नये. ती अनेक ठिकाणी विभागून आणि विम्याच्या मर्यादेत ठेवावी.

घराची वही

दुकानाची वही रोज लिहिली जाते; घराची वही क्वचितच असते. नव्या वर्षाच्या वह्या पूजल्या जातात तेव्हा एक वही घरासाठी काढावी. पहिल्या पानावर प्रत्येक कर्ज, त्याचा वार्षिक दर आणि शेवटच्या हप्त्याची तारीख लिहावी. दुसऱ्या पानावर साठीनंतरच्या पुंजीची नोंद ठेवावी. ही पाने पत्नीने आणि मोठ्या मुलांनीही वाचलेली असावीत, कारण जामीनदार किंवा भागीदार म्हणून पुष्कळदा त्यांच्याही सह्या घेतल्या जातात आणि सहीबरोबर जबाबदारीही येते. ज्या घरात कर्ज कोणापासून लपवावे लागत नाही, त्या घरात ते लवकर फिटते. अशा घरातील वडीलधारे गल्ला पुढच्या पिढीच्या हाती सोपवतात तेव्हा कर्जाचा कागद त्यासोबत जात नाही, आणि स्वतःच्या औषधपाण्यासाठीही त्यांना कोणापुढे हात पसरावा लागत नाही.