माकडताप व गोचीड

1957 साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर अरण्यात, माकडे मरू लागली आणि रानात जाणारी माणसे तापाने पडली. या रोगाचे विषाणू गोचिडी वाहून नेतात. 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही त्याची साथ आली.

गोचिडीची पिले पावसाळा सरल्यावर पालापाचोळ्यात वाढतात. म्हणून काजूच्या हंगामात धोका अधिक. त्यांचे जीवन हवेतील उष्णता व ओलावा यांवर अवलंबून असते. ऋतुमान बदलले की त्यांचा काळ व प्रदेशही बदलू शकतो. केवळ महिन्यांवर विसंबून चालत नाही.

मुले आईबापांबरोबर काजूबागेत जातात. शिक्षकांनी त्यांना समजावून द्यावे : अंगभर कपडे घालावेत, पाचोळ्यात बसू नये, घरी येताच ऊन पाण्याने स्नान करून अंग तपासावे. मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. एकाएकी ताप व तीव्र डोकेदुखी झाल्यास मुलास त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे. हा रोग माणसापासून माणसास होत नाही. तेव्हा रुग्णाच्या मुलास वर्गात वेगळे बसवू नये.