उत्तेजकाचा मोह कशामुळे?

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात किंवा अकोल्याच्या एखाद्या आखाड्यात विचारा. उत्तेजक वाईट, हेच ऐकाल. मग नामवंत खेळाडू मोहात का पडतात? पदकामागे नोकरी असते, शिवाय ‘समोरचा घेतच असेल’ हा संशय. माझ्या मते संशयच जास्त घातक. मेथॅनडायनोन घेतल्याने स्नायूंत प्रथिने जास्त बनतात; पण यकृताला इजा होते.

संशय घालवायला तपासणी कडक हवी. नियमही तसाच: नमुन्यात द्रव्य सापडले, की जबाबदार खेळाडूच. २०१६ मध्ये तीन वेळचे ‘महाराष्ट्र केसरी’ नरसिंग यादव यांच्या नमुन्यात मेथॅनडायनोनच सापडले. कोणीतरी घातपात केला, असे ते म्हणाले. भारतीय समितीने ते मानले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मात्र रिओतील लढतीच्या आदल्या दिवशी ४ वर्षांची बंदी घातली.