तेलाच्या विहिरीतले पाणी बदामाच्या बागेला



तेलाच्या विहिरीतून नुसते तेलच वर येत असेल, अशी आपली समजूत असते. तसे नाही. तेलाबरोबर जमिनीच्या पोटातले पाणीही येते. जुन्या विहिरीत तर तेल थोडे आणि पाणीच फार!

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बेकर्सफील्ड शहराजवळ कर्न रिव्हर हे तेलक्षेत्र आहे. १८९९ साली तेथे तेल लागले. आता तेथे एका पिंपभर तेलामागे दहाच्या आसपास पिंपे पाणी निघते. हे तेल काकवीसारखे घट्ट. ते पातळ करण्यासाठी जमिनीत वाफ सोडतात. काही पाणी या वाफेसाठीच वापरले जाते. बाकीच्याचे करायचे काय?

बहुतेक ठिकाणी असे पाणी फार खारट असते, म्हणून ते पुन्हा खोल जमिनीत सोडतात. कर्न रिव्हरचे पाणी मात्र त्या मानाने गोडे. ते आधी टाक्यांत निवळवून तेल वेगळे करतात. मग अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यातून गाळतात, म्हणजे राहिलेला तेलकटपणा निघतो. १९९० नंतरच्या दशकापासून हे पाणी कॅवेलो या पाणीवाटप संस्थेला मिळते. ती त्यात दुसरे पाणी मिसळून बदाम, पिस्ता, द्राक्षे आणि संत्र्यांच्या बागांना देते.

२०१२ ते २०१६ च्या दुष्काळात या पाण्याने बागांना मोठा आधार दिला. पण त्याच काळात लोक विचारू लागले, की यातले रसायन फळांत तर उतरत नाही ना? सरकारी पाणी मंडळाने तज्ज्ञांची समिती नेमली. आरोग्याला वाढीव धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष २०२१ साली निघाला. अभ्यास अपुरा आहे, असे म्हणणारेही आहेत. तपासणी चालू ठेवावी लागते ती यासाठीच.

आपल्या गावात तेलविहीर नसेल, पण कारखान्याचे सांडपाणी शेताला घेण्याचा मोह कोणालाही होतो. फुकट ते पौष्टिक, असे म्हणतात. पाण्याच्या बाबतीत ते खरे धरू नका. पाण्यात सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. बोरॉन पिकाला चिमूटभर लागते. जास्त झाले की पानांचे शेंडे आणि कडा करपतात. द्राक्ष आणि लिंबूवर्गीय झाडांना ते लवकर बाधते.

म्हणून असे पाणी घेण्याआधी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून नमुना भरा आणि प्रयोगशाळेत द्या. क्षार, सोडियम, बोरॉन किती, ते विचारा. कारखान्याचे पाणी असेल तर जड धातूही तपासून घ्या. उन्हाळ्यात पुन्हा तपासा, कारण पाणी बदलते. पीक एका हंगामाचे असते. जमीन बिघडली तर ती सुधारायला वर्षे लागतात.