इंजिन थांबते? आधी टाकीचे झाकण पाहा

वरुड-मोर्शी असो की अकोट, आंबिया बहाराचा ताण तोडून संत्र्याला पाणी सुरू केले आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन घडीघडी बंद पडू लागले, की जीव टांगणीला लागतो. पाणी चुकले, तर फूल गळते. मिस्त्री येईपर्यंत एवढे करा.

टाकीचे झाकण सैल करून इंजिन चालवा. न थांबता चालले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे; ते तारेने मोकळे करा. तरीही थांबले, तर बंद इंजिनाच्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करा. बुडबुडे आले, तर नळीत हवा शिरली आहे. ते थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, मग स्क्रू आवळा आणि सांधे तपासा. डिझेलच आले नाही, तर कॉक, नळी वा फिल्टर तुंबला आहे. नोझलच्या फवाऱ्यापुढे मात्र हात धरू नका. तो कातडीत घुसतो.