रानपिंगळा : एका चिठ्ठीची गोष्ट

पंचेचाळिशी उलटल्यावर मला पक्षिनिरीक्षणाचा नाद लागला. हिवाळ्यात हतनूर धरणावर बदकं पाहता पाहता वही भरू लागली. पुढे यावल अभयारण्यात एका वाळक्या फांदीवर, भर सकाळी, ठेंगणं घुबड दिसलं. उत्साहाच्या भरात मी 'रानपिंगळा' अशी नोंद केली. घरी आल्यावर मन खाऊ लागलं. गावात, शेतात दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं, शेपटीवर रुंद पट्टे. यातलं मी नीट काय पाहिलं होतं? काहीच नाही. नोंद खोडली.

नोंदीच्या खरेपणाला किती मोल असतं, हे याच पक्ष्याचा इतिहास वाचताना कळलं. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेतले ते हेच ह्यूम. पुढच्या दशकात खानदेशात सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र पक्षी जणू नाहीसाच झाला.

मध्ये एकच नोंद उरली : रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याचा, १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचा दावा असलेला नमुना. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा चोरी उघड झाली. संग्रहालयातला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना उचलून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली होती. म्हणजे मांडवीच्या आसपास शोधणारे चुकीच्या रानात शोधत होते!

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. आधी छत्तीसगडकडचा भाग पालथा घातला, मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते. दिवसा वावरणारा हा पक्षी पुढे मेळघाटात आणि इतरत्रही सापडला. तरी तो आजही संकटग्रस्त आहे, कारण त्याला हवं असलेलं सागाचं विरळ, कोरडं रान तुटतं आहे, शेतीखाली जातं आहे.

एका खोट्या चिठ्ठीने जाणत्यांची वाट चुकवली. डेव्हिडसन यांच्या साध्या, प्रामाणिक चिठ्ठीने शतकानंतर ती परत दाखवली. म्हणून नव्याने या छंदात येणाऱ्याला मी दुर्बिणीआधी वही घ्यायला सांगतो. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं ते लिहावं. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकायला लाजू नये. उद्या एखादं रान वाचवायची वेळ आली, तर तिथे काय होतं हे कुठल्या तरी वहीवरूनच सांगावं लागेल.

यावलची ती खोडलेली ओळ माझ्या वहीत अजून आहे. तिच्यापुढे आता एवढंच लिहिलंय : 'पिंगळा? पुन्हा जाऊन पाहणे.'