इंजिन बांधायचं की बदलायचं?

निळा धूर आणि ब्रीदरमधून फुंकर दिसली की गडी म्हणतात, 'इंजिन गेलं.' बहुधा लायनर, पिस्टन, रिंगच गेलेल्या असतात. ते बदलता येतात. काळ्या धुराला तर आधी एअर फिल्टर, नोजल, पंप बघा. उगाच इंजिन खोलू नका. खरा निकाल लागतो क्रँक आणि ब्लॉकवर. क्रँक 0.25 किंवा 0.50 मिमी घासून अंडरसाइज बेअरिंग बसतं. आधीच शेवटच्या मापापर्यंत घासलेली असेल, तर नवी क्रँक घ्यावी लागते. ब्लॉकला बेअरिंगच्या बैठकीजवळ तडा असेल, तर वेल्डिंगच्या नादी लागू नये, इंजिनच बदलावं. बदली म्हणून दुसरं जुनं इंजिन बसवताना त्याची कागदपत्रं मागाच: आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, बदलाची नोंद आरटीओत करावी लागते.